गाव सुटलेला वादक : लुई आर्मस्ट्राँग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत कलावंताचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. त्यांच्या मनात बालगंधर्व किंवा मास्टर दीनानाथ असणार, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या थोरांविषयी अधिकारी लेखकांनी विपुल लिहून ठेवले आहे आणि आमच्या लेखणीने त्यात काही भर पडेल असा आमचा भ्रम नाही. म्हणून थोडे धाष्टर्य करून आम्ही सातासमुद्रापलीकडच्या एका कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकाचे चरित्र येथे सादर करीत आहोत. महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत हा पाहुणा कशासाठी, असे वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण आधी सांगतो.

आमची बदली कलकत्त्यास झाली त्या काळात मंडळात एक वयोवृद्ध सभासद नित्य येत. ते आता हयात नाहीत, आणि प्रसिद्धीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता, म्हणून नाव देत नाही. १९५० नंतरच्या दशकात कोकणातून ते कारकुनीसाठी या शहरात आले. त्या वेळी पार्क स्ट्रीटवरच्या उपाहारगृहांतून जॅझ संगीत प्रत्यक्ष वाजत असे. काकांच्या पगारात आत जाऊन बसणे शक्य नव्हते. ते आपले फुटपाथवर उभे राहत, दार उघडझाप होई तेवढ्यात कानी पडेल ते ऐकत, आणि शेवटची ट्राम पकडून घरी जात. पुढे परिस्थिती सुधारल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रिका जमविल्या. एका रविवारी कांदेपोह्यांची बशी आमच्या हाती देऊन त्यांनी एक तबकडी लावली. आम्ही तोवर मराठी नाट्यसंगीत आणि आकाशवाणी यांपलीकडे फारसे गेलो नव्हतो. तबकडीवरचा तो ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचा होता. त्यानंतर बरीच वर्षे आम्ही त्याच्याविषयी मिळेल ते वाचीत आलो, आणि ज्या एका गोष्टीने आम्हांस गुंतवून ठेवले ती त्याच्या वादनाइतकीच त्याच्या गावाची आहे.

अमेरिकेच्या दक्षिण टोकास, मिसिसिपी नदीच्या काठी, न्यू ऑर्लिन्स हे बंदर वसले आहे. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी अशा नाना रक्तांचे हे शहर. लग्न असो, मिरवणूक असो वा मयत असो, तेथे बँडपथक हवेच. प्रेतयात्रेबरोबर जाताना पथक संथ, शोकाकुल सूर वाजवी आणि दफन उरकून परतताना तेच पथक उडत्या चालीवर येई; मागून पोरेटोरे नाचत. या शहरात ४ ऑगस्ट १९०१ रोजी लुईचा जन्म झाला. स्वतः लुई मात्र जन्मभर आपली जन्मतारीख ४ जुलै १९००, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, असेच सांगत आला. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर, १९८० नंतरच्या दशकात, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडली.

बाप लहानपणीच घर सोडून गेला. आई मेरी, जिला सारे मेयान म्हणत, वयाने कोवळी आणि दारिद्र्याने गांजलेली. पोराची पहिली काही वर्षे आजीपाशी गेली. वस्ती अशी की तिचे नावच लोकांनी रणांगण असे ठेवले होते. सुऱ्या, पिस्तुले, जुगार आणि वेश्यागृहे यांच्या संगतीत वाढलेल्या या मुलास खाण्यापिण्याचीही ददात होती. अशा वेळी कार्नोफ्स्की नावाच्या एका गरीब ज्यू कुटुंबाने त्यास जवळ केले. हे लोक लिथुआनियाकडून पोटासाठी आलेले, गाडीवर भंगार आणि कोळसा विकणारे. लुई गाडीवर बसून पत्र्याची पिपाणी फुंकी आणि गिऱ्हाइकांस हाक घाली. संध्याकाळी त्या घरात त्यास जेवू घालीत. सावकाराच्या दुकानात पाच डॉलरला एक जुने कॉर्नेट होते. ते विकत घेण्यास पैसे उचल म्हणून याच घराने दिले. लुई हे विसरला नाही. १९६९ साली रुग्णालयात पडून असताना त्याने या कुटुंबाविषयी मुद्दाम सविस्तर लिहून ठेवले. गोऱ्यांच्याच समाजात या ज्यूंनाही कशी हीन वागणूक मिळते, हे त्या बालवयात त्याच्या ध्यानात आले होते.

१९१२ सालच्या ३१ डिसेंबरची रात्र. नववर्षाच्या जल्लोषात लुईने घरातले पिस्तूल भर रस्त्यात आकाशात झाडले. पोलिसांनी जागीच पकडले आणि दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या सुधारगृहात झाली. वय वर्षे अकरा. तेथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक मुलांचे बँडपथक चालवीत. प्रथम त्यांनी या उनाड पोराला जवळही केले नाही. पुढे हाती खंजिरी दिली, मग ढोल, मग बिगूल, आणि अखेरीस कॉर्नेट. काही महिन्यांतच लुई पथकाचा प्रमुख झाला. एके दिवशी पथक मिरवत त्याच्या जुन्या वस्तीतून गेले. वस्तीतले जुगारी, गुंड, बदनाम बायका, सारे रस्त्यावर आले आणि आपल्या लुईसाठी टोप्यांतून नाण्यांचा पाऊस पडला. शिक्षा म्हणून ज्या घरात पाठविले, तेथेच त्यास विद्या मिळाली.

सुटून आल्यावर दिवसा कोळशाची गाडी हाकायची आणि रात्री वाजवायचे, असा क्रम सुरू झाला. या काळात त्यास गुरू लाभला तो जो ऑलिव्हर. ऑलिव्हर त्या शहरातला नामांकित कॉर्नेटवादक. त्याने आपले जुने वाद्य या पोरास दिले, धडे दिले. आणि त्याच्या पत्नीने कामाच्या मोबदल्यात पानभर वाढले. त्या शहराचे आवडते अन्न म्हणजे तांबडा राजमा आणि भात. लुई पुढे जगभर हिंडला, राजेरजवाड्यांच्या पंक्तीस बसला, पण त्या राजमा-भाताची चव त्याच्या जिभेवरून गेली नाही. मित्रांना पत्र लिहिताना शेवटी सहीच्या वर औपचारिक शब्द घालण्याऐवजी तो या पदार्थाचे नाव गुंफून सही करीत असे. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे सोलापूरच्या शेंगाचटणीचे डबे रेल्वेने येतात. त्यामुळे हे आम्हांस समजावून सांगावे लागले नाही.

पुढे मिसिसिपी नदीतून चालणाऱ्या आगबोटींवर फेट मॅरेबल याच्या वाद्यवृंदात त्यास नोकरी मिळाली. येथे त्यास स्वरलिपी वाचण्याची शिस्त लागली. तोवर सारे कानावर होते.

१९२२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून ऑलिव्हरची तार आली. गुरू उत्तरेस जाऊन स्थिरावला होता आणि त्यास जोडीला दुसरा कॉर्नेटवादक हवा होता. दक्षिणेतील वर्णभेदास आणि दारिद्र्यास कंटाळून त्या काळी लक्षावधी कृष्णवर्णीय उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे जात होते. लुई त्यांतलाच एक. स्टेशनवर आई आली. भर उन्हाळ्यात तिने मुलास आतून उबदार कपडे घालावयास लावले, कारण शिकागोला थंडी असते एवढेच तिला ठाऊक. बरोबर माशाचे भलेमोठे सँडविच बांधून दिले. त्या शिदोरीमागे केवळ माया नव्हती. काळ्या उतारूंना गाडीतील भोजनाच्या डब्यात प्रवेश नसे. एकविसाव्या वर्षी लुईने गाव सोडले ते असे. यानंतर तो न्यू ऑर्लिन्सला पुष्कळदा आला, परंतु राहावयास कधी आला नाही.

शिकागोच्या लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात ऑलिव्हर आणि लुई यांची जोडी उभी राहिली आणि ती ऐकण्यास दुरून लोक येऊ लागले. ठरविल्याविना दोघे एकाच क्षणी एकच तान जोडीने घेत, आणि हे कसे साधते हे कोणास उमगत नसे. १९२३ च्या एप्रिलात इंडियाना राज्यातील रिचमंड गावी या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सारे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवीत. लुईचा आवाज एवढा दांडगा की तो गुरूचा आवाज झाकू लागला. तेव्हा त्यास सर्वांपासून दूर, खोलीच्या मागच्या भागात उभे करावे लागले. पियानोवर बसलेल्या लिल हार्डिन या शिकलेल्या तरुणीने त्याचा उतरलेला चेहरा पाहिला. ज्याला मागे उभे करावे लागते तोच श्रेष्ठ, हे तिने ओळखले. पुढच्या वर्षी दोघांचा विवाह झाला, आणि गुरूच्या सावलीतून बाहेर पड असा लकडा तिने लावला. लुई निघाला, पण मोठ्या नाखुषीने. न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या वृंदात वर्षभर काढून १९२५ अखेर तो शिकागोस परतला.

त्यानंतरच्या तीन वर्षांत त्याने हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या नावांनी जे ध्वनिमुद्रण केले, त्यावर जॅझचा सारा पुढचा इमला उभा आहे असे जाणकार मानतात. आम्ही जाणकार नाही. आमच्या समजुतीप्रमाणे सांगावयाचे तर, त्यापूर्वी जॅझ म्हणजे चार-पाच वादकांची एकसमयावच्छेदे चाललेली गप्पांची मैफल होती. कोणी एकटा फार वेळ बोलत नसे. लुईने तीत एकट्याच्या कल्पनाविस्तारास अग्रस्थान दिले. चीज थोडक्यात मांडावी आणि मग तिच्या आधाराने उपज अंगाने स्वतःचे काही सांगावे, हे आपल्या ख्यालगायकीत मुरलेल्या कानांस नवे वाटणार नाही. लय तो किंचित मागे खेचतो, समेपाशी उशिरा पोहोचल्यासारखे करतो आणि तरीही चुकत नाही. गळाही तसाच. खरखरीत, दगडावर दगड घासावा तसा. पण स्वराला पक्का. १९२६ च्या एका तबकडीत त्याने गाण्याचे शब्द सोडून नुसत्या अर्थहीन अक्षरांवर गायन केले. शब्दांचा कागद हातातून पडला म्हणून असे झाले, अशी आख्यायिका आहे. तराणा ऐकणाऱ्या मराठी माणसास त्यात अर्थ शोधावा लागत नाही.

काकांनी आम्हांस ऐकविलेली तबकडी २८ जून १९२८ ची. तिचे नाव वेस्ट एंड ब्लूज. आरंभी कोणतीही साथ नाही. एकटा ट्रम्पेट चार स्वर चढतो, आणि मग जेमतेम बारा-पंधरा सेकंदांत असा काही कोसळत, वळसे घेत खाली येतो की ऐकणारा हातातला पोह्यांचा चमचा खाली ठेवतो. पियानोवर अर्ल हाईन्स आहे. रचना जो ऑलिव्हरची. वेस्ट एंड हे न्यू ऑर्लिन्सच्या सरोवराकाठच्या एका सहलीच्या जागेचे नाव, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. गाव सुटून सहा वर्षे झाली होती, आणि शिकागोच्या बंद खोलीत गुरुशिष्यांनी त्या तळ्याकाठाचे नाव जगाच्या कानांवर घातले.

येथे आमच्या शहराचा एक धागा सांगितला पाहिजे. १९२६ साली शिकागोच्या एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई वाजवीत असे. त्याच वृंदात पियानोवर टेडी वेदरफोर्ड नावाचा तरुण होता. दोघांनी एकत्र वाजविलेली तबकडी आजही ऐकावयास मिळते. वेदरफोर्ड त्याच वर्षी पूर्वेकडे निघाला. शांघाय, मुंबईचे ताजमहाल हॉटेल, असे करीत तो कलकत्त्यास आला, येथील ग्रँड हॉटेलात महायुद्धाच्या वर्षांत वाजवीत राहिला, आणि एप्रिल १९४५ मध्ये कॉलऱ्याने येथेच वारला. ताजमधील या कृष्णवर्णीय वादकांकडून आपल्या गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. बार्देशातील हळदोणे गावचा आंतोनियो झेवियर व्हाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, तर भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाई. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यास साथीदार केले, आणि १९५१ च्या अलबेला चित्रपटातील ट्रम्पेटवर आपल्या वडीलधाऱ्यांनी ठेका धरला. तेव्हा हा पाहुणा आपल्या घरी न सांगता कधीच येऊन गेला होता. असो.

१९३१ च्या जूनमध्ये लुई प्रथमच मोठा कलावंत म्हणून आपल्या गावी परतला. स्टेशनवर बँडपथके, रस्त्यांत गर्दी. त्याच्या नावाचा सिगार निघाला. बालपणीच्या सुधारगृहास त्याने सारा वृंद घेऊन भेट दिली. गावच्या पोरांच्या बेसबॉल संघास त्याने स्वखर्चाने गणवेश दिले. परंतु त्याचे वादन ठरले होते ते शहराबाहेरच्या एका नृत्यगृहात, जेथे केवळ गोऱ्यांना प्रवेश. पहिल्या रात्री आत गोरे श्रोते खचाखच भरले होते, आणि बाहेर मिसिसिपीच्या बांधावर त्याचे स्वतःचे लोक हजारोंनी बसले होते. उघड्या खिडक्यांतून येईल ते ऐकण्यासाठी. कार्यक्रम रेडिओवरून प्रसृत व्हावयाचा होता. नाव पुकारण्याची वेळ आली तेव्हा गोऱ्या निवेदकाने एका काळ्याचे नाव घेण्यास साफ नकार दिला आणि तो चालता झाला. लुईने क्षणभर विचार केला, वृंदास एक दीर्घ स्वर धरावयास सांगितले, स्वतः मायक्रोफोनपाशी गेला आणि स्वतःच स्वतःचे निवेदन केले. टाळ्या थांबेनात. पुढे तीन महिने रोज त्याने स्वतःच निवेदन केले.

मुक्काम संपताना आपल्या लोकांसाठी एक विनामूल्य कार्यक्रम करावा, असा त्याचा बेत होता. लोक लांबलांबून आले. पण ऐन वेळी अधिकाऱ्यांनी दारे बंद ठेविली आणि सारे जण हात हलवीत परत गेले. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस पार्क स्ट्रीटच्या फुटपाथवर उभे असलेले काका आठवले. अर्थात तुलना पुरती जुळत नाही, हे आम्ही जाणतो. काकांना पैशाने अडविले होते, आणि पैसा पुढेमागे येतो.

नंतरच्या दोन दशकांचा वृत्तांत भरभर सांगता येईल. इंग्लंड-युरोपचे दौरे झाले. सॅच्मो हे टोपणनाव तिकडेच रूढ झाले. उंच स्वरांच्या हव्यासापायी ओठ फाटले, रक्ताळले, वर्षभर वाद्य बाजूस ठेवावे लागले. १९३५ मध्ये जो ग्लेझर हा धूर्त व्यवस्थापक मिळाला आणि व्यवहाराची कटकट मिटली. चित्रपट झाले, मोठे वृंद झाले, ते मोडून १९४७ साली ऑल स्टार्स हा छोटा वृंद निघाला. त्यात काळे-गोरे एकत्र वाजवीत. वर्षातले बहुतेक दिवस प्रवासात जात.

या फिरस्त्याला घर दिले ते चौथी पत्नी ल्यूसिल हिने. १९४२ साली विवाह झाला त्या वर्षीच्या नाताळात तिने हॉटेलच्या खोलीत एक लहानसे सजविलेले झाड मांडले. चाळिशी ओलांडलेल्या या माणसाच्या आयुष्यातले ते पहिले नाताळचे झाड. तो रात्री दिव्यांकडे लहान मुलासारखा पाहत राहिला, आणि नाताळ उलटून गेला तरी पुढच्या प्रत्येक गावी ते झाड नेण्याचा त्याने हट्ट धरला. १९४३ मध्ये ल्यूसिलने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील कोरोना या साध्या, कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यास न विचारता घर घेतले. दौऱ्यावरून रात्री परतलेला लुई टॅक्सीतून त्या पत्त्यावर आला, घर पाहून त्याचा विश्वास बसेना, आणि पत्ता चुकला असल्यास परत फिरता यावे म्हणून त्याने टॅक्सीवाल्यास थांबवून ठेवले. दार ल्यूसिलने उघडले. पुढे लक्ष्मी पाणी भरू लागली तरी त्याने ते घर सोडले नाही. संध्याकाळी दारातल्या पायऱ्यांवर बसून वस्तीतल्या पोरांशी गप्पा मारी. आत त्याची खोली टेपांनी भरलेली. गाणी, विनोद, घरातली बोलणी, सारे तो ध्वनिमुद्रित करी आणि खोक्यांवर कात्रणे चिकटवून सजवी.

१९४९ साली न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलात झुलू मंडळींचा राजा होण्याचा मान त्यास मिळाला. लहानपणापासूनचे स्वप्न. तोंड रंगवून, गवताचा झगा घालून तो मिरवला, आणि उत्तरेतील सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुणांनी त्यास झोडपले. गोऱ्यांपुढे दात काढणारा विदूषक, हा आक्षेप तेव्हापासून अधिकच बळावला. रुमालाने घाम पुसणे, डोळे वटारणे, ते मोठे हास्य; तरुण वादकांस ते लाजिरवाणे वाटे. हा आक्षेप अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या काळात ती पिढी वाढली, त्या काळी हसणे हेही एक चिलखत होते, हे तरुणांच्या ध्यानी आले नाही.

१९५६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात तो आफ्रिकेत, आज घाना म्हणतात त्या देशात गेला. विमानतळावर ट्रम्पेटवादकांनी स्वागत केले, मैदानावर अफाट लोकसमुदाय जमला. त्या गर्दीत नाचणाऱ्या एका बाईत त्यास आपल्या कैलासवासी आईचा चेहरा दिसला, आणि आपले पूर्वज येथूनच नेले असावेत अशी त्याची खात्री पटली. त्याच वर्षी लुइझियाना राज्याने कायदा केला की काळ्या-गोऱ्यांनी एकत्र करमणुकीचे कार्यक्रम करू नयेत. म्हणजे ज्या गावी जॅझ जन्मास आला, त्या गावी लुईचा मिश्र वृंद बेकायदेशीर ठरला. गोरा साथीदार वगळून त्यास जाता आले असते. त्याने ठरविले की ज्या गावी आपल्या साथीदारांसह वाजविता येत नाही, तेथे वाजवायचेच नाही.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात लिट्ल रॉक येथील शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळू नये म्हणून तेथील राज्यपालांनी सशस्त्र शिपाई उभे केले. न्यायालयाचा निर्णय मुलांच्या बाजूने होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वस्थ होते. लुई तेव्हा उत्तर डाकोटातील एका गावी कार्यक्रमास गेला होता. एका होतकरू तरुण वार्ताहराने हॉटेलच्या खोलीत त्यास गाठून सहज विचारले, आणि सदा हसऱ्या माणसाचा बांध फुटला. राज्यपालांस त्याने छापता न येण्याजोग्या शिव्या दिल्या, राष्ट्राध्यक्षांच्या अंगी धैर्य नाही असे बजावले, आणि सरकारतर्फे सोविएत रशियाचा दौरा ठरत होता त्यावर जाणार नाही असे जाहीर केले. वार्ताहराने मजकूर लिहून दुसऱ्या दिवशी त्यास दाखविला. लुईने तो मान्य करून खाली सही ठोकली. देशभर खळबळ उडाली. तबकड्या फेकल्या गेल्या, कार्यक्रम रद्द झाले. व्यवस्थापकाच्या माणसाने सारवासारव केली ती लुईने फेटाळली. थोड्याच दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी सैन्य पाठवून मुलांस शाळेत पोहोचविले, तेव्हा त्यांना अभिनंदनाची तारही लुईनेच केली. आम्ही आयुष्यभर सरकारी चाकरी केली आहे. परदेशात सरकारचे नाव घेऊन जाण्याचा मान नाकारण्यास काय लागते, याची आम्हांस चांगलीच कल्पना आहे. आमच्याच्याने ते झाले नसते.

१९६४ च्या मे महिन्यात त्याच्या हॅलो डॉली या तबकडीने बीटल्सना अग्रस्थानावरून खाली खेचले, वय बासष्ट. त्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि १९६५ मध्ये लुई पुन्हा न्यू ऑर्लिन्सला गेला. सुमारे नऊ वर्षांचा वनवास संपला होता. जन्माची गल्ली मात्र उरली नव्हती. ते लाकडी घर १९६४ मध्येच पाडले होते. जागा पोलीस आणि न्यायालयाच्या इमारतींसाठी हवी होती.

हृदय आणि मूत्रपिंडे थकली. डॉक्टरांनी मना केले तरी मार्च १९७१ मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोन आठवडे वाजवून आला आणि तेथून थेट रुग्णालयात गेला. ६ जुलै १९७१ रोजी, स्वतः मानीत असे त्या एकाहत्तराव्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी, कोरोनाच्या घरी झोपेतच त्यास मृत्यू आला. नोंदीप्रमाणे सत्तरीस अजून महिना बाकी होता. दफन क्वीन्समध्येच झाले. चर्चमधला विधी साधा होता; बँडपथक नव्हते. ज्या पोराने प्रेतयात्रांच्या मागून धावत संगीत शिकून घेतले, त्याच्या प्रेतामागे कोणी ट्रम्पेट वाजविला नाही. त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र लोक हजारोंनी रस्त्यावर आले आणि पथकांनी त्यास आपल्या रिवाजाप्रमाणे निरोप दिला. २००१ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्या शहराच्या विमानतळास त्याचे नाव देण्यात आले. कोरोनाचे घर २००३ पासून संग्रहालय आहे.

एक गोष्ट राहिली. काकांना ती फार आवडे, आणि तबकडी परत खोक्यात घालताना ते ती दर वेळी नव्याने सांगत. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. पृथ्वीवरील माणसांची ओळख म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसविली, आणि तीत साऱ्या जगातून निवडलेल्या सत्तावीस संगीतरचना भरल्या. त्यांत लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हनची १९२७ सालची एक रचना आहे. भारताकडून एकच. ती आहे आपल्या गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या, तेव्हा दोन्ही याने वाटेला लागली होती. पहिल्याने २०१२ मध्ये आणि दुसऱ्याने २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावाची कक्षा ओलांडली. त्या एकाच तबकडीवर न्यू ऑर्लिन्सचा लुई आणि केरीच्या केसरबाई अजून पुढेच चालले आहेत.